ऑर्डर आधी आपण देऊ या!

तालुक्याच्या गावातून बाहेर पडणाऱ्या कुठल्याही रस्त्याला लागा, एक पाटी हमखास दिसते. ‘फॅमिली रेस्टॉरंट अँड बार’. खाली बारीक अक्षरात ‘व्हेज-नॉनव्हेज, ए.सी. फॅमिली रूम, गार्डन’. एके काळी ‘परमिट रूम’ अशी पाटी दिसली की बायका रस्त्याची बाजू बदलायच्या. आता लग्नाचा वाढदिवस असो, मुलीचा बारावीचा निकाल असो की दिरांची बढती, जेवायला जायचं ठिकाण बहुतेक वेळा तेच ठरतं. दहा-बारा माणसांना निवांत बसता येईल, गाड्या लावता येतील अशी दुसरी जागा छोट्या गावात असते कुठे?

‘बारमधलं खाणं हा काय महिला पुरवणीचा विषय झाला?’ असं काही मैत्रिणी म्हणतील. बचत गटांच्या कामात दारूने मोडलेली घरं मी जवळून पाहिली आहेत, त्यामुळे दारूची भलामण करायला मी हे लिहीत नाहीये. ‘थोडी घेतली तर चालते’ या समजुतीलाही आता आधार उरलेला नाही. दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. पण मैत्रिणींनो, घरातली मंडळी घेवोत न घेवोत, त्या टेबलाशी आपण आणि मुलं दोन-दोन तास बसतो आणि समोर येईल ते खात राहतो. त्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

जेवण बिघडतं ते जेवणाआधी

बारमधल्या टेबलाचा क्रम आठवून पाहा. बसल्या बसल्या शेंगदाणे, फरसाण येतं. मग मसाला पापड. मग ‘काहीतरी स्टार्टर सांगा’ म्हणून चिकन लॉलीपॉप, व्हेज मंचुरियन, पनीर चिली, फिंगर चिप्स. मुलांना भूक लागलेली असते, ती त्याच्यावर तुटून पडतात. आपणही गप्पांच्या नादात एक-एक तोंडात टाकत राहतो. जेवण सांगेपर्यंत रात्रीचे साडेदहा वाजतात. तोवर पोट तळणाने भरलेलं असतं आणि ‘सांगितलंय तर संपवायला हवं’ म्हणून वर पुन्हा बटर नान आणि काजू मसाला!

म्हणजे ‘जेवायला काय घ्यायचं’ हा आपला प्रश्न उशिराचा असतो. खरं जेवण त्या पहिल्या दहा मिनिटांत ठरलेलं असतं आणि ती ऑर्डर ग्लासाच्या सोयीने दिलेली असते, पोटाच्या नाही.

फुकटचा चकणा महागात

खारे शेंगदाणे, फरसाण बारवाले पैसे न घेता का ठेवतात? मिठाने तहान लागते आणि तहान लागली की ग्लास लवकर रिकामा होतो. साधा धंद्याचा हिशेब आहे. पण रक्तदाब असणाऱ्यांना तो महाग पडतो. दिवसभरात एका माणसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि त्यातच सकाळच्या भाजी-आमटीपासून लोणच्यापर्यंत सगळं आलं. पापडात तर मिठासोबत पापडखारही असतो, त्यातूनही सोडियम जातं. वर चाट मसाला भुरभुरलेला असतो तो वेगळाच. दारूही रक्तदाब वाढवते आणि मीठही. दोन्ही एकाच टेबलावर भेटतात.

दुसरी गोष्ट तळणीच्या तेलाची. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात घातक घटक तयार होतात. १ जुलै २०१८ पासून देशात यासाठी नियम आहे. तेलातले ‘पोलर’ म्हटले जाणारे घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. आपल्याजवळ मोजायचं यंत्र नसतं, पण नाक असतं ना! भजी-लॉलीपॉपला खवट वास आला, रंग काळपट दिसला, खाऊन घशाशी आलं, तर ती बशी बाजूला सारायची. पैसे गेले तरी चालतील. लालभडक रंगाचंही तसंच. शेजारच्या कर्नाटकात जून २०२४ मध्ये कबाबांमध्ये कृत्रिम रंग वापरायला सरकारने बंदी घातली. ‘दादा, रंग न घालता करून द्या,’ एवढं आपण इथेही सांगू शकतोच की.

मग मागवायचं काय?

त्याच मेनू कार्डावर चांगले पदार्थही असतात, फक्त आपण तिकडे बघत नाही.

तळलेल्याऐवजी भाजलेलं घ्या. लॉलीपॉपऐवजी तंदुरी चिकन किंवा टिक्का, मंचुरियनऐवजी पनीर टिक्का. ‘वरून बटर लावू नका’ हे सांगायला विसरू नका. पापड भाजलेला, आणि सगळ्यांत मिळून एक-दोनच.

उकडलेलं मागा. उकडलेली अंडी जवळपास सगळीकडे मिळतात. पावसाळ्याच्या शेवटी ओल्या शेंगा आल्या की उकडून द्यायला सांगा. शेंगदाणे वाईट नाहीत, त्यात प्रथिनं भरपूर असतात. पण शंभर ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, म्हणून मूठभर घेऊन वाटी परत पाठवायची.

सॅलड ताजं चिरून घ्या. काकडी, गाजर, कांदा, टोमॅटो उत्तमच, पण सकाळी चिरून ठेवलेलं नको. पावसाळ्यात शंका असेल तर सरळ शिजवलेलं खा.

जेवणात भाकरी किंवा बिनबटरची तंदुरी रोटी, दाल, एखादी सुकी भाजी घ्या. काजूची आणि क्रीमची ग्रेव्ही सगळ्यांत मिळून एकच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जेवणाची ऑर्डर स्टार्टरबरोबरच द्या. मुलं साडेआठला वरण-भात, पोळी खाऊन मोकळी होतात आणि चिप्सच्या दोन बशा वाचतात.

आपल्या ग्लासात काय आहे?

आपलं लक्ष नेहमी ‘यांच्या’ ग्लासकडे. ६० मिलीच्या एका पेगमध्ये साधारण १४० कॅलरी असतात, ६५० मिली बिअरच्या बाटलीत अडीचशेच्या आसपास, स्ट्राँग असेल तर त्याहून जास्त. हे त्यांना जरूर सांगा. पण आपल्या आणि मुलांच्या ग्लासातही डोकावू या. ३०० मिली कोल्ड्रिंकमध्ये तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे चहाचे सहा-सात चमचे! दोन तासांत मुलं अशा दोन-दोन बाटल्या संपवतात. त्याऐवजी ताक, सोलकढी, साखर कमी घातलेलं लिंबूपाणी मागवा. तेही नसेल तर साधं पाणी.

आणि ज्या मैत्रिणी स्वतः घेतात त्यांनाही सांगते, लाजून नाही, समजून घ्या. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी असतं, त्यामुळे तेवढीच दारू तिच्या रक्तात जास्त चढते. स्तनांच्या कॅन्सरचा धोकाही दारूने वाढतो.

घरात शुगरचा पेशंट असेल तर

मैत्रिणींनो, हा भाग नीट वाचा. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा काही ठरावीक गोळ्या चालू असतील आणि त्या माणसाने नीट न जेवता दारू घेतली, तर रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते. एरवी साखर कमी झाली की लिव्हर आपल्याकडची साठवण सोडून ती भरून काढतं. पण दारू पचवण्याच्या कामात गुंतलेल्या लिव्हरला ते जमत नाही. दरदरून घाम, हात थरथरणं, जीभ अडखळणं, असंबद्ध बोलणं... बघणाऱ्याला वाटतं, चढली आहे, झोपू द्या. आणि इथेच घात होतो. हे घरी आल्यावर, मध्यरात्रीसुद्धा घडू शकतं.

माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर लगेच साखरेचं पाणी किंवा गोड काहीतरी द्या आणि डॉक्टरांना फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठा किंवा १०८ ला फोन करा. आपल्या माणसाच्या गोळ्या कुठल्या आहेत आणि दारूबरोबर त्यांचं काय होतं, हे डॉक्टरांना एकदा विचारूनच ठेवा.

आणखी एक गैरसमज, ‘पोटभर खाल्लंय, आता गाडी चालवतो.’ खाण्याने दारू रक्तात हळू चढते, नाहीशी होत नाही. लिंबू, दही, ताक, काही उपयोग नाही. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर कायद्याने तो गुन्हा आहे. परत येताना गाडी कोण चालवणार, हे घरून निघतानाच ठरवा.

बोलायला संकोच कशाला?

घरी आपण कोणाला मीठ कमी, कोणाला तेल कमी, कोणाला भाकरीच हवी, हे सगळं न विसरता सांभाळतो. मग हॉटेलात बसलं की मेनू कार्ड पुरुषांकडे सरकवून आपण गप्प का होतो? बचत गटातल्या बायकांना हे विचारलं की त्या हसून म्हणतात, ‘ताई, बिल ते देतात ना!’ अहो, बिल ते देत असतील, पण दुसऱ्या दिवशीची अ‍ॅसिडिटी, मुलांचं पोट, सासऱ्यांचं वाढलेलं बीपी कोण निस्तरतं?

वेटर आला की ‘दादा, आधी आमचं लिहून घ्या,’ म्हणायचं. बिनतळलेलं काय आहे, मीठ कमी करता येईल का, भाकरी किती वेळात मिळेल, हे सरळ विचारायचं. चार टेबलांवरून तीच मागणी आली की मालकही भाकरी आणि ताक ठेवायला लागतो, कारण त्यालाही गिऱ्हाईक हवंच असतं. पुढच्या वेळी जाल तेव्हा मेनू कार्ड आधी आपल्या हातात घ्या आणि पहिल्या दहा मिनिटांतच सगळ्यांचं जेवण सांगून टाका.