साखरेचा आकडा आणि हृदयाची चिंता

मधुमेहाचा रोगी तपासणी करून घरी परतला की त्याला विचारला जाणारा पहिला प्रश्न 'साखर किती आली?' हाच असतो. आकडा आटोक्यात असला म्हणजे घरादाराला हायसे वाटते. चढला असला तर दुसऱ्या दिवसापासून चहा बिनसाखरेचा होतो. ही दक्षता वावगी नाही. परंतु मधुमेहींचे सर्वाधिक बळी घेतो तो हृदयाचा आणि रक्तवाहिन्यांचा विकार, आणि त्याची सारी हकीकत साखरेच्या आकड्यात सामावलेली नसते, हे आपल्याकडे अजून पुरेसे उमगलेले दिसत नाही.

लोक जिला 'तीन महिन्यांची साखर' म्हणतात ती एचबीएवनसी ही चाचणी मोठी उपयुक्त आहे, यात शंका नाही. तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. तेवढ्या काळात रक्तातील साखर पेशीतील हिमोग्लोबिनला चिकटत जाते, आणि ती किती चिकटली यावरून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. आदल्या दिवशी पथ्य पाळून हा आकडा फसवता येत नाही. तो जसजसा चढतो तसतसा हृदयविकाराचा धोकाही वाढतो. मग आकडा उतरवला की धोकाही त्याच प्रमाणात उतरेल, असे अनुमान कोणीही काढील. अनुभव मात्र इतका सरळ नाही.

ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या एका प्रदीर्घ अभ्यासात पाच हजारांहून अधिक नवे मधुमेही होते. १९९८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांची साखर काटेकोरपणे आवरली होती, त्यांच्या डोळे, मूत्रपिंड यांसारख्या अवयवांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार एक चतुर्थांशाने घटले. हृदयविकाराच्या झटक्यांतील घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरण्याइतकी नव्हती. ती स्पष्ट झाली आणखी दहा वर्षांनी, २००८ साली. वेळीच घेतलेल्या काळजीचे फळ असे उशिरा पदरी पडते.

त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत अमेरिका व कॅनडातील दहा हजारांवर रोग्यांच्या 'अकॉर्ड' या चाचणीने वैद्यकविश्वाला धक्का दिला. मधुमेह जुना आणि हृदयविकाराचा धोका मोठा, अशा रोग्यांचा आकडा ६ टक्क्यांखाली नेण्याचा तेथे आग्रह होता. त्या गटात २५७ मृत्यू झाले, सौम्य उपचारांच्या गटात २०३. आणि आग्रही उपचार मुदतीपूर्वीच थांबवावे लागले. साखर मोकाट सोडावी, असा याचा अर्थ कोणी काढू नये. वय, रोगाचा जुनेपणा आणि हृदयाची स्थिती पाहूनच उद्दिष्ट ठरवावे, एवढाच तो धडा आहे.

असे का होते? रोहिणीच्या भिंतीत मेद साचण्याची क्रिया साखर वाढल्याचे कळण्याआधीच कित्येक वर्षे सुरू झालेली असू शकते, आणि रक्तदाब, कोलेस्टेरॉल व तंबाखू तिला बळ देतात. वर उल्लेखिलेल्या ब्रिटिश अभ्यासातच रक्तदाब कसोशीने आवरलेल्या रोग्यांमध्ये पक्षाघाताचे प्रमाण ४४ टक्क्यांनी, तर मधुमेहाशी निगडित मृत्यूंचे ३२ टक्क्यांनी उतरले. तेही नेहमीच्या वापरातील औषधांनी. डेन्मार्कमधील १६० रोग्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि राहणी यांकडे एकत्रच लक्ष पुरविले गेले, तेव्हा हृदय व रक्तवाहिन्यांचे आघात निम्म्यावर आल्याचे २००३ साली दिसून आले. २०१५ साली एम्पाग्लिफ्लोझिन या औषधाने हृदयरोगी मधुमेहींचे हृदयविकाराने होणारे मृत्यू घटविले, त्याचेही श्रेय केवळ उतरलेल्या साखरेला देता येत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. लोहाच्या कमतरतेने आलेल्या रक्तक्षयात 'तीन महिन्यांची साखर' प्रत्यक्षाहून अधिक दिसू शकते. उलट विदर्भातील आदिवासी भागांत आढळणाऱ्या सिकलसेल विकारात तांबड्या पेशी अल्पायुषी असल्याने ती कमी भासते. अशा ठिकाणी एकाच आकड्यावर विसंबणे म्हणजे मोडक्या तराजूने धान्य मोजण्यासारखे आहे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. गावोगावच्या शिबिरांत बोटाला सुई टोचून साखर पाहिली जाते आणि माणूस चिठ्ठी घेऊन घरी जातो. त्या चिठ्ठीवर रक्तदाबाची नोंद आणि तंबाखू-मिश्रीची चौकशीही असलीच पाहिजे, तसेच कोलेस्टेरॉलची तपासणी कोठे होईल याची माहितीही. रक्तदाब मोजायला फार खर्च येत नाही, आणि त्यावरील साधी औषधे स्वस्त आहेत. न मोजलेल्या रक्तदाबाची किंमत मात्र घरातला मिळवता माणूस अंथरुणाला खिळल्यावर सगळ्या कुटुंबाला चुकवावी लागते.