समुद्राखालचे पहारेकरी : लेखांक ४
बोट किती दम धरते?

डिझेल पाणबुडी पाण्याखाली जाते तेव्हा तिचं डिझेल इंजिन बंद असतं. इंजिनाला हवा लागते, आणि खाली हवा कुठली? मग ती चालते बॅटरीवर. आपल्या घरच्या इन्व्हर्टरला असते त्याच जातीच्या, शिसं आणि आम्लाच्या बॅटरीवर. आकार मात्र अफाट. मुंबईत माझगाव गोदीत बांधलेल्या ‘कलवरी’ वर्गातल्या पाणबुडीत असे ३६० सेल असतात आणि एकेका सेलचं वजन ७५० किलो. म्हणजे नुसती बॅटरीच २७० टनांची, जवळजवळ बोटीच्या वजनाचा सहावा हिस्सा.

मागच्या लेखांकात पाणबुडी बुडते आणि वर येते कशी, ते पाहिलं. आज तिचे प्रकार आणि तिची कामं. पुस्तकांत प्रकारांच्या लांबलचक याद्या सापडतात, पण त्या पाठ करून फारसं हाती लागत नाही. त्यापेक्षा प्रत्येक पाणबुडीबद्दल एकच प्रश्न विचारावा : ही बोट किती दम धरते? तिला कोणतं काम द्यायचं, हे बरंचसं त्या उत्तरावर ठरतं.

बॅटरीवरच्या बोटीचा दम तिच्या वेगावर अवलंबून असतो. पाण्यात वेग दुप्पट करायचा तर ताकद जवळपास आठपट लागते. त्यामुळे माणसाच्या चालीने सरकणारी बोट काही दिवस खाली राहू शकते. तीच पूर्ण वेगाने पळाली तर तास-दोन तासांत बॅटरी संपते. मग पेरिस्कोपच्या खोलीपर्यंत वर यायचं, स्नॉर्केलची नळी पाण्याबाहेर काढायची, डिझेल सुरू करायचं आणि बॅटरी भरून घ्यायची. नौदलात याला ‘स्नॉर्टिंग’ म्हणतात. हा वेळ सर्वांत धोक्याचा. इंजिनाचा आवाज दूरवर जातो, नळीचं टोक रडारवर दिसू शकतं. लाट नळीवरून गेली की तिच्या तोंडाची झडप खटकन मिटते आणि चालू असलेलं डिझेल बोटीतलीच हवा ओढू लागतं. आतल्या प्रत्येकाच्या कानांना दडे बसतात. झडप उघडते, कान मोकळे होतात, पुन्हा लाट येते. खवळलेल्या समुद्रात हे तासन्‌तास चालतं.

एवढी मर्यादा असूनही ही बोट भयंकर असते, कारण बॅटरीवर ती जवळपास मुकी असते. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या डिझेल पाणबुडीने आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. त्यानंतर आपल्या नौदलाने ‘हंगोर’ला शोधायची शिकस्त केली, तरी ती कराचीला परतली. ही गोष्ट लिहिताना आजही हात जड होतो. पण डिझेल पाणबुडीला दुय्यम समजणाऱ्याने ती आधी वाचावी. किनाऱ्याजवळ, उथळ पाण्यात, बंदराच्या तोंडाशी दबा धरायचा असेल, पाणसुरुंग पेरायचे असतील, कमांडो उतरवायचे असतील किंवा गुपचूप टेहळणी करायची असेल, तर आजही हीच बोट कामाची.

लांबचा पल्ला आणि वेग हवा असेल तर अणुभट्टी लागते. तिला हवा लागत नाही आणि वर्षानुवर्षं इंधन भरावं लागत नाही. खाऱ्या पाण्यापासून गोडं पाणी आणि प्राणवायू बोटीतच तयार होतो, त्यामुळे मोहिमेला मर्यादा उरते ती शिधा आणि माणसांची. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटनची ‘कॉंकरर’ ही अणुपाणबुडी स्कॉटलंडहून निघून दक्षिण अटलांटिकपर्यंत गेली आणि २ मे रोजी तिने अर्जेंटिनाची ‘जनरल बेलग्रानो’ ही क्रूझर बुडवली. ३२३ माणसं मेली. पुढे जे झालं ते अधिक महत्त्वाचं : अर्जेंटिनाच्या विमानवाहू नौकेसह मोठ्या युद्धनौका किनाऱ्याजवळच्या पाण्यात परतल्या आणि युद्ध संपेपर्यंत तिथेच राहिल्या. एका हल्ल्याने अख्खं आरमार अडलं. पाणबुडीने किती बुडवलं यापेक्षा तिच्या धाकाने किती अडलं, हाच तिचा खरा हिशेब.

अणुशक्तीवरचीच दुसरी जात आपल्या ‘अरिहंत’ची. ती कोणाचा पाठलाग करत नाही. पोटात अण्वस्त्रं वाहू शकणारी क्षेपणास्त्रं घेऊन ती खोल समुद्रात नुसती नाहीशी होते. आपण अण्वस्त्र आधी वापरणार नाही हे भारताचं धोरण आहे. ते पेलायचं तर पहिला घाव सोसूनही उलट उत्तर देता आलं पाहिजे, आणि जमिनीवरचा तळ हेरता येतो तशी ही बोट हेरता येत नाही. क्षेपणास्त्र कधीच सोडावं लागू नये, यातच तिच्या मोहिमेचं यश.

या दोन टोकांच्या मधली वाट म्हणजे डिझेल बोटीचाच दम वाढवणं. स्वीडनच्या ‘गॉटलंड’मध्ये द्रवरूप प्राणवायूवर चालणारी स्टर्लिंग इंजिनं आहेत. त्यांच्या जोरावर ती वर न येता आठवड्यांच्या हिशेबात खाली राहते. २००५ मध्ये अमेरिकेने ही बोट खलाशांसह भाड्याने घेतली, ती आपल्याच ताफ्याला तिचा माग काढायचा सराव देण्यासाठी. आपल्याकडे हे काम अंबरनाथला चाललंय. तिथल्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने पाण्याखालीही वीज देणारा फॉस्फोरिक आम्लाचा इंधनघट तयार केला. त्यासाठी लागणारा हायड्रोजन बोटीतच तयार होतो. जमिनीवरची चाचणी मार्च २०२१ मध्ये यशस्वी झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये कलवरी वर्गासाठी तो बांधून बसवण्याचा करार माझगाव गोदीशी झाला. बसवायचा म्हणजे पाणबुडी मधोमध कापायची, नवा भाग घालायचा आणि पुन्हा सांधायची. शेकडो मीटर पाण्याचा दाब त्या सांध्यावर येणार. वेल्डिंगमध्ये केसाएवढी फट चालत नाही.

आणि इथेच एक सल आहे. माझगाव गोदीने ‘शंकुल’ १९९४ मध्ये नौदलाला दिली. त्यानंतरची पाणबुडी, ‘कलवरी’, नौदलात आली डिसेंबर २०१७ मध्ये. मध्ये २३ वर्षं! जर्मनीत जाऊन शिकून आलेले कुशल कारागीर तोवर पांगले, निवृत्त झाले, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. शिवाजी महाराजांच्या जलदुर्गाचं नाव घेऊन ‘खांदेरी’ आली, मग ‘करंज’, ‘वेला’, ‘वागीर’, आणि १५ जानेवारी २०२५ रोजी सहावी ‘वागशीर’. हे हात पुन्हा रिकामे बसता कामा नयेत. पाणबुडी पैसे देऊन विकत मिळते. ती सांधणारा हात तयार व्हायला दहा-दहा वर्षं जातात.

(पुढील लेखांकात : सोनार आणि समुद्राचे कान)