प्रदर्शनातल्या वहीतले ईमेल तसेच वापरताय?

हरसूलच्या एखाद्या बचत गटाने नागलीचे पापड घेऊन नाशकात स्टॉल लावला, की टेबलावर एक वही असतेच. गिऱ्हाईक घाईत ईमेल लिहून जातं. नंतर बघावं तर कुणाचं 'जीमेल डॉट कॉन', कुणाचा आकडाच लागत नाही. तरी आपण सगळ्यांना मेल टाकतो. जाईल त्याला जाईल!

इथेच गडबड होते, मित्रांनो. पत्ताच नसेल तर मेल परत येतो, हा हार्ड बाउन्स. असे फार झाले की जीमेलला तुमचाच संशय येतो, आणि मग जुन्या गिऱ्हाइकाच्या ऑर्डरचं उत्तरही स्पॅममध्ये पडतं. लोकांनी 'स्पॅम' दाबणं त्याहून वाईट. फेब्रुवारी २०२४ पासूनच्या गूगलच्या नियमांत ही मर्यादा ०.३ टक्के आहे. म्हणजे हजारात तीन माणसं, बस्स.

पत्ते तपासणारी टूल्स मिळतात. पण काही डोमेन कुठल्याही पत्त्याला 'हो' म्हणतात, तिथे टूलही फसतं. दोनशे पत्त्यांसाठी त्यावर पैसे घालू नका, असं माझं मत. स्टॉलवरूनच मोबाइलने छोटा मेल टाका, समोरच्याला 'हो' असं उत्तर द्यायला सांगा. उत्तर आलं, तरच नाव यादीत. रेंज नसेल तर निदान पत्ता मोठ्याने वाचून दाखवा.