सातच्या भोंग्याचे अर्थशास्त्र

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज सायंकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला आणि घरोघरचे टीव्ही व मोबाइल दीड तासापुरते बंद होऊ लागले. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलावे, एवढाच हेतू. शहरी वाचकाला हा प्रकार गमतीचा वाटला असेल. परंतु अर्थशास्त्रज्ञांनी पुढे प्रयोगाने दाखविलेले मर्म या गावाने आपसांत बोलून ओळखले होते.

तो प्रयोग असा. शिकागो विद्यापीठातील लिओनार्दो बुर्स्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये अमेरिकेतील हजारांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारले : चार आठवडे टिकटॉक सोडण्यास किती पैसे घ्याल? सरासरी उत्तर आले ५९ डॉलर, इन्स्टाग्रामसाठी ४७. मग विचारले की, सर्वांचेच खाते बंद झाले तर? तेव्हा हेच विद्यार्थी उलट पदरचे पैसे मोजावयास तयार झाले : टिकटॉकसाठी २८ डॉलर, इन्स्टाग्रामसाठी १०. जी वस्तू सोडवत नाही तीच मुळात नसती तर बरे, असा हा विलक्षण ग्राहक! पाठ्यपुस्तकातील उपभोक्त्याच्या अधिक्याची संकल्पना येथे लंगडी पडते. माणूस वस्तूच्या गोडीने नव्हे, तर मागे पडण्याच्या धास्तीने तिला धरून बसतो.

ही धास्ती मनावर परिणाम केल्यावाचून राहत नाही. २००४ पासून फेसबुक अमेरिकेतील एकेका महाविद्यालयात पोहोचत गेले. ते जेथे आधी पोहोचले तेथील विद्यार्थ्यांचे मानसिक स्वास्थ्य आधी ढासळले, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. अभ्यासकांनी त्याचे कारण दिले तुलनेचे. माणसाचा खर्च शेजाऱ्याच्या राहणीकडे पाहून ठरतो, हे ड्यूझेनबेरी यांनी १९४९ मध्येच सांगितले होते. पण तेव्हाचा शेजारी चाळीतला होता. त्याचे कर्ज, त्याच्या घरचे आजारपण आणि महिनाअखेरीची उसनवारी दिसत असे. आजच्या शेजाऱ्याची फक्त सहल दिसते.

अर्थात परिणाम अतिशयोक्तीने सांगण्याचे कारण नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत चार आठवडे फेसबुक बंद ठेवणाऱ्यांच्या मन:स्वास्थ्यात झालेली सुधारणा बेताचीच होती, आणि त्यांचे बातम्यांचे ज्ञानही घटले. मात्र दिवसाला सुमारे एक तास त्यांच्या हाती आला. कचेरीतून थकून परतणाऱ्या कारकुनाला किंवा परीक्षेच्या तयारीतील विद्यार्थ्याला तो एक तास म्हणजे काय, हे सांगावयास नको. ‘फुकट’ सेवेची किंमत याच नाण्यात चुकती होते. माहिती वाढली की लक्षाचे दुर्भिक्ष पडते, असे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्ये मांडले. ते दुर्मिळ लक्ष गोळा करून जाहिरातदारांना विकणे, हाच या कंपन्यांचा धंदा.

अशा स्थितीत मुलांना संयमाचे धडे देणे कितपत न्याय्य? वर्गातील एकट्याच मुलीने फोन ठेवला, तर तिच्या पदरी शांतता नव्हे, एकटेपण येते. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालील मुलांच्या खात्यांवर घातलेली बंदी १० डिसेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यातून वाटा काढणारी मुले असणारच. पण त्या कायद्यात दंडाची तरतूद आहे ती कंपन्यांना, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलांना किंवा त्यांच्या पालकांना दंड नाही.