चित्रकथेतील बंद दारे

भांडुपच्या टेकडीवरील वस्त्यांत पुस्तकांचे कपाट नसलेल्या घरातही आज मोबाईल आहे. आमची मुले त्यावर चित्रकथा वाचतात. काही कथांत पुढे काय घडावे हे वाचकच ठरवतो. अमेरिकेतील अँड्र्यू हसी यांच्या 'होमस्टक' (२००९ ते २०१६) या चित्रकथेत सुरुवातीला वाचकांच्या सूचनांवरूनच पुढचे चित्र ठरत असे.

तंत्र नवे असेल. वाचकाला बोलते करण्याची रीत आम्हाला नवी नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती संवादरूपात. धोंडीबा विचारतो, जोतीराव उत्तर देतात.

खरा प्रश्न असा की, वाचकापुढचे पर्याय लिहितो कोण? २०१४ साली 'प्रियाज शक्ती' ही चित्रकथा आली. मोबाईल धरला की तिची चित्रे हलू लागत. बलात्कारपीडित मुलीची बाजू तिने घेतली, हे चांगलेच झाले. पण मुलीच्या मदतीला धावते कोण? देवी पार्वती! आमच्या आयाबहिणींसाठी कोणती देवी धावली? धावले ते शिक्षण, संघटना आणि संविधान.

मग आमची चित्रकथा कशी असावी? १९१७ चे बडोदे घ्या. परदेशात शिकून आलेले बाबासाहेब नोकरीसाठी तेथे गेले. पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र. आसरा दोघांकडेही मिळाला नाही. दुर्गाबाई व सुभाष व्याम यांनी 'भीमायन' (२०११) मध्ये बडोद्याची ही कहाणी चितारली आहे. त्यांच्या चित्रांत विखारी शब्दांना विंचवाची नांगी असते.

हाच प्रसंग मोबाईलवर आणा. वाचकाला एकेक दार ठोठावू द्या. तीन दारे, तीन नकार. उरते ती सार्वजनिक बाग आणि मुंबईची गाडी. बोट दमेल, पण दार उघडणार नाही! जात म्हणजे काय, हे ज्याला कधी सोसावे लागले नाही, त्यालाही ते कळेल. इतिहासातले दार वाचकाच्या मर्जीने उघडून देऊ नका.

त्यानंतरचे पान मात्र आजचे असू द्या. आडनाव ऐकून भाड्याची खोली नाकारणारा घरमालक समोर उभा आहे. गप्प बसायचे, आडनाव लपवायचे, की जाब विचारायचा? येथे निवड वाचकाची.

भांडुपच्या तरुणांनो, १४ एप्रिलला विहारात चित्रकला स्पर्धा भरवताच ना? यंदा अशी एक कथा रचा. आमचे पर्याय आम्ही लिहिले नाहीत, तर ते दुसरेच कोणी लिहील.

जयभीम!