न उपसलेल्या पाण्याची गोष्ट

गावाचा नकाशा काढायला कागद लागत नाही. देवळापुढचं पटांगण, रांगोळी, गुलाल, हळद आणि भांडायला तयार असलेली माणसं एवढं पुरतं. ऑक्टोबर सरत आला होता. बाजरी निघालेली, रब्बीची ज्वारी वीतभर वर आलेली, गहू-कांद्याचं मात्र अजून ठरायचं होतं. अशा दिवसांत माण तालुक्यातल्या एका गावात ताई पाण्याचा ताळेबंद मांडायला आल्या होत्या. पावसाळ्यात किती मुरलं, रब्बीला किती लागेल, उन्हाळ्यात प्यायला किती उरेल, असा हा हिशेब. केंद्राच्या अटल भूजल योजनेने तो सात राज्यांतल्या ग्रामपंचायतींकडे नेला. हिवरे बाजारात तर त्याच्या कितीतरी आधीपासून दरवर्षी तो ग्रामसभेत मांडला जातो. ताईंच्या पिशवीत त्याचे छापील तक्ते होते. ते त्यांनी बाहेर काढलेच नाहीत. "आपला ओढा निघतो कुठनं?" एवढंच विचारलं आणि रांगोळीची वाटी पुढे केली.

त्यावर पाऊण तास गेला. मळ्यातले म्हणाले, डोंगराच्या घळीतून. धनगरवस्तीवरचे म्हणाले, छे, त्याच्या वरच्या पठारावरून. मेंढरं कुणाची जातात तिकडं, तुमची का आमची? मध्येच एका बाईने ओढ्याची रेघ पायाने पुसली, दोन वळणं घालून पुन्हा काढली आणि एका वळणावर गुलालाची चिमूट ठेवली. "हितं बंधारा हाय. रोजगार हमीचा. पाट्या मी टाकल्यात." पुरुषमंडळींना तो बंधारा आठवत नव्हता. ताई गप्प उभ्या होत्या. मी पाहिलेल्या बहुतेक सरकारी कार्यक्रमांत नेमकी हीच वेळ वक्ता हातची घालवतो. माणसं बोलायला लागली की त्याला घड्याळ दिसतं.

बंधाऱ्यावरून गोष्ट बहात्तरच्या दुष्काळाकडे वळली. या मुलखात ती वळतेच. एक म्हातारी पायरीवर बसूनच बोलायला लागली. १९७२ साली ती दहा-बारा वर्षांची होती. आईबरोबर खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची, रेशनला लाल मिलो. "तवा खायाला नव्हतं, पर प्यायाला व्हतं. आडाला बारा हात दोर पुरायचा. आता दुकानात समदं हाय, अन् मार्चात टँकर." २०१२-१३च्या दुष्काळात याच बाईने म्हसवडच्या चारा छावणीत जनावरांपाशी मुक्काम ठोकला होता, पण त्याबद्दल ती एका वाक्याहून जास्त बोलली नाही.

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग मोटारसायकलला टेकलेल्या एका पोराने विचारलं, "मग पानी गेलं कुठं?"

ताई नंतर चहा पिताना म्हणाल्या, "हाच प्रश्न मी विचारला असता तर ते भाषण झालं असतं." त्यांचं सगळं कसब या एका प्रश्नाची वाट पाहण्यात आहे. कधी तो दुपारपर्यंत येत नाही.

पहिलं उत्तर ठरलेलं: पाऊस कमी झाला. ताईंनी ते खोडलं नाही. झड शेवटची कधी लागली होती, एवढं विचारलं. मग माळवदाच्या घरांच्या आठवणी निघाल्या. आठ-आठ दिवस भुरभुर लागायची, माळवद गळायचं, वर पांढरी माती चढवायला माणूस मिळायचा नाही. आता येतो तो तासाभरात ओढा भरून पुढच्या गावाला जातो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या मुलखावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. हा निष्कर्ष ताईंना तोंडपाठ आहे. तो त्यांनी सांगितला, पण माळवद गळून झाल्यावर.

मग पिशवीतून दोन दगड निघाले. एक काळा पाषाण, दुसरा भोकाभोकांचा मांजऱ्या. विहीर खोदणाऱ्यांना हे दोन्ही नावानिशी माहीत असतात. काळ्यावर चमचाभर पाणी सोडलं, ते ओघळून फरशीवर आलं. मांजऱ्यावर सोडलं, तो गडद झाला आणि पाणी आत राहिलं. दख्खनचं पठार म्हणजे या दोघांचे थरावर थर. वरच्या मुरमात आणि मांजऱ्यात पाणी थांबतं. त्याखाली अखंड पाषाण लागला तर त्याला फट असेल तेवढंच पाणी. "मग चारशे फुटावर जे लागतं ते?" पोराने विचारलं. "पुष्कळदा ते वरच्याच विहिरीचं असतं," ताई म्हणाल्या, "फक्त तुझ्या पाइपातून येतं." हसले सगळेच. ज्याच्या विहिरीशेजारी तो बोअर होता, तो जरा उशिरा हसला.

आकडे आले ते इथे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी. हजार हेक्टरांचं शिवार आणि साडेचारशे मिलिमीटर पाऊस धरला तर साडेचारशे कोटी लिटर. पटांगणात कुणीतरी शीळ घातली. पण उन्हाने उडतं, ओढ्याने जातं, पिकं-गवत पितात. या खडकाच्या मुलखात खाली मुरणारं साधारण दहावा हिस्सा धरा. पंचेचाळीस कोटी. आता ऊस. त्याला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटर. बावीस-तेवीस हेक्टर उसाने सगळ्या गावाचं मुरलेलं पाणी संपवलं. पुढचं कुणाला सांगावं लागलं नाही; नकाशावर उसाचे फड गुलालाने आधीच भरलेले होते.

दुष्काळाच्या गोष्टी आपल्याकडे कमी सांगितल्या जात नाहीत. भेगाळलेल्या जमिनीचे फोटो आहेत, आदर्श गावांच्या सहली आहेत. पण आदर्श गावाची गोष्ट नायकाची होते, आणि परतीच्या एसटीत माणसं म्हणतात, हिवरे बाजारकडे पोपटराव पवार आहेत, आपल्याकडे कोण? पानी फाउंडेशनच्या वॉटर कपने २०१६ ते २०१९ या वर्षांत वेगळी युक्ती केली: गावच स्पर्धक, हातात पंचेचाळीस दिवस, कुदळ-फावडं आणि शेजारच्या गावाशी ईर्षा. त्या चुरशीत माणसं रात्री कामाला उतरली. मला त्या कामाबद्दल आदर आहे. अडचण अशी, की खोदण्याची गोष्ट रंगते; न उपसण्याची रंगत नाही. तिच्यात घाम नाही, फोटो नाही. हिवरे बाजारला येणाऱ्या पाहुण्यांना बंधारे आणि समतल चर उत्साहाने दाखवता येतात, पण शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस लावायचा नाही, हे गावाने पाळलेले नियम दाखवणार कसे?

म्हणूनच त्या पटांगणातला शेवटचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटला. नकाशावर विहिरींच्या जागी खडे ठेवून झाले होते. बोअरसाठी हळदीचे ठिपके द्यायचे होते. राज्याच्या २००९च्या भूजल कायद्यानुसार शेतीसाठी ६० मीटरहून, म्हणजे दोनशे फुटांहून खोल जायला बंदी आहे, त्यामुळे या ठिपक्यांची कुणाला घाई नव्हती. ताईंनी वाटी फिरवली. सरपंचाने आपला एक ठिपका दिला आणि हात झटकले.

"दुसरा?" मागून बायकांतून आवाज आला.

"तो आटलाय."

"आटला तरी भोक हाय का न्हाई?"

सरपंचाने दुसरा ठिपका दिला आणि निमूटपणे तिसराही, तो कुणाला ठाऊक नव्हता. मग शेजाऱ्याकडे बोट दाखवलं. त्या शेजाऱ्याने भावकीतल्या दोघांची नावं घेतली. एकजण घरी गेला होता, त्याचे ठिपके त्याच्या चुलत्याने दिले, एक जास्तच दिला म्हणून वाद झाला. पोराने मोबाइल काढून फोटो घ्यायला सुरुवात केली, तेव्हा ताईंनी त्याला थांबवलं. "अजून पूर्ण नाही झालं."

अंधार पडेपर्यंत कांद्याचं क्षेत्र कमी करायचा ठराव काही झाला नाही. तो पुढच्या ग्रामसभेवर गेला. हळद मात्र संपली आणि दुकानातून आणखी पावशेर आणावी लागली.