फुफ्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतरचा विमानप्रवास

फुफ्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतरचा विमानप्रवास केव्हा सुरक्षित ठरतो, हे केवळ लोटलेल्या दिवसांवर अवलंबून नसते. छातीत हवा अडकून राहिली आहे का आणि उरलेले फुफ्फुस रक्ताला पुरेसा ऑक्सिजन पुरवू शकते का, या दोन गोष्टी निर्णायक असतात.

विमानातील हवेचा दाब

प्रवासी विमान १०,००० मीटरहून अधिक उंचीवर उडत असले तरी त्यातील दाब कृत्रिमरीत्या वाढवलेला असतो. मात्र तो समुद्रसपाटीइतका नसून कमाल ८,००० फूट (सुमारे २,४४० मीटर) उंचीवरील दाबाइतका उतरू शकतो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, यावरून या उंचीची कल्पना येते.

धोके

दाब कमी झाला की बंदिस्त वायू प्रसरण पावतो. हा बॉइलचा नियम होय. ८,००० फुटांवरील दाबाला त्याचे आकारमान सुमारे एक तृतीयांशाने वाढते. फुफ्फुसाभोवतीच्या पोकळीत हवा साचण्याच्या अवस्थेस न्यूमोथोरॅक्स म्हणतात. अशी हवा उड्डाणात प्रसरण पावल्यास फुफ्फुस व हृदय दाबले जाऊन जिवाला धोका निर्माण होतो. त्यामुळे उपचार न झालेला न्यूमोथोरॅक्स असताना विमानप्रवास वर्ज्य मानला जातो.

दुसरा धोका ऑक्सिजनच्या कमतरतेचा असतो. या उंचीवरील श्वास समुद्रसपाटीवर सुमारे १५ टक्के ऑक्सिजन असलेली हवा घेण्यासारखा असतो. एरवी हे प्रमाण २१ टक्के असते. निरोगी व्यक्तीला ही घट सहसा जाणवत नाही. फुफ्फुसाचा खंड काढलेल्या किंवा धूम्रपानामुळे फुफ्फुसे निकामी होत चाललेल्या रुग्णाला मात्र धाप लागू शकते. याखेरीज शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ एका जागी बसल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते.

प्रतीक्षेचा कालावधी

आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या (आयाटा) वैद्यकीय मार्गदर्शिकेनुसार छातीच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या १० दिवसांतील प्रवासासाठी विमान कंपनीची वैद्यकीय मंजुरी लागते. न्यूमोथोरॅक्स झाला असल्यास क्ष-किरण चित्रात फुफ्फुस पूर्ण फुगल्याचे दिसल्यानंतर साधारणपणे ७ दिवस थांबावे लागते. ही गणना शस्त्रक्रियेच्या दिवसापासून होत नाही. गुंतागुंत झाल्यास प्रतीक्षा वाढते.

तपासणी व पूर्वतयारी

प्रवासापूर्वी छातीचे क्ष-किरण चित्र व रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण तपासतात. शंका असल्यास रुग्णाला सुमारे २० मिनिटे १५ टक्के ऑक्सिजनयुक्त हवा देऊन चाचणी केली जाते. तीत रक्तातील ऑक्सिजन फारच उतरल्यास उड्डाणात जादा ऑक्सिजनची शिफारस होते. त्याची व्यवस्था विमान कंपनीकडे आगाऊ करावी लागते, कारण स्वतःचा सिलिंडर सोबत नेण्यावर निर्बंध असतात. बॅटरीवर चालणारे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर अनेक कंपन्या पूर्वपरवानगीने स्वीकारतात. शस्त्रक्रियेसाठी दूरच्या शहरात गेलेल्या रुग्णाने परतीचे तिकीट काढण्यापूर्वी शल्यचिकित्सकाचा लेखी सल्ला घेणे हितावह असते.